रातांधळेपणा, पालेभाजी आणि पिवळे रंगद्रव्य

दसऱ्याच्या आधी दोन-तीन दिवस भिंगारच्या बाजारात झेंडूचे ढीग लागतात. नगर तालुक्यातल्या मळ्यांतून आलेली ही फुले तोरणात, गाडीला आणि शस्त्रपूजेत जातात, आणि दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर पडतात. याच झेंडूच्या पाकळ्या वाळवून त्यांतून 'ल्युटीन' नावाचे पिवळे द्रव्य काढण्याचा मोठा उद्योग दक्षिण भारतात आहे. ते द्रव्य कॅप्सूलमध्ये भरून 'डोळ्यांसाठी' म्हणून औषधाच्या दुकानात येते. चष्म्याचा नंबर वाढलेल्या मुलाचे पालक शिक्षकांना विचारतात, "गुरुजी, या गोळ्या द्याव्यात का? की गाजर खाल्लं तरी चालेल?"

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर देण्यासाठी मागच्या शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. त्या इतिहासात रसायनशास्त्र आहे, दुष्काळ आहे, सरकारी कार्यक्रम आहेत आणि वैज्ञानिकांचे आपापसातले वादही आहेत. त्याचा एक धागा आपल्या नगर जिल्ह्यातूनही (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून) जातो.

यकृताचा जुना उपाय

संध्याकाळ झाली की दिसेनासे होणे, म्हणजे रातांधळेपणा, हा फार जुना आजार आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्याला 'नक्तांध्य' म्हटले असून त्यावर बकऱ्याच्या यकृताचा उपयोग सांगितला आहे. प्राचीन इजिप्तच्या वैद्यकातही यकृताचाच उल्लेख सापडतो. यकृतात काय असते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, पण अनुभवाने उपाय सापडला होता.

रातांधळेपणा ही या आजाराची केवळ पहिली पायरी आहे. पुढे डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो. त्यावर साबणाच्या फेसासारखे दिसणारे ठिपके उमटतात. फ्रेंच डॉक्टर बिटॉ यांनी १८६३ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून ते 'बिटॉचे ठिपके' म्हणून ओळखले जातात. तरीही उपचार झाला नाही तर डोळ्यासमोरचा पारदर्शक पडदा मऊ पडून फुटतो आणि दृष्टी कायमची जाते. पहिल्या पायरीवरचे मूल काही दिवसांत बरे होऊ शकते, शेवटच्या पायरीवरचे कधीच होत नाही. गोवर किंवा हगवणीनंतर ही घसरण फार वेगाने होते. हे बहुधा दोन-तीन वर्षांच्या मुलांत घडते, म्हणजे जे मूल आपल्याला दिसत नाही असे सांगूही शकत नाही, त्याच्याच बाबतीत.

डेन्मार्कमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात कार्ल ब्लॉक या बालरोगतज्ज्ञाला अशी अनेक मुले आढळली. दुधालोण्याच्या देशात हे कसे घडले? लोणी निर्यात होत होते आणि गरिबाघरच्या मुलांच्या वाट्याला साय काढलेले दूध व मार्गारीन येत होते. १९१७ च्या अखेरीस युद्धामुळे निर्यात अडली आणि लोण्याचे रेशनिंग झाले. गरिबांनाही थोडे लोणी मिळू लागले आणि असे रुग्ण जवळजवळ नाहीसे झाले. देशात अन्न पिकणे आणि ते मुलाच्या ताटात पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा येथे प्रथम स्पष्ट झाला.

पिवळ्या रंगाचे कोडे

लोण्यात आणि अंड्याच्या बलकात वाढीला आवश्यक असे काहीतरी असते, हे अमेरिकेत मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी १९१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. त्यालाच पुढे 'जीवनसत्त्व अ' हे नाव मिळाले. १९१९ मध्ये स्टीनबॉक यांच्या लक्षात आले की पिवळ्या मक्यावर उंदीर वाढतात, पांढऱ्या मक्यावर खुरटतात. गाजर, रताळे, हिरवी पाने ही सारी उपयोगी, आणि या सर्वांत पिवळे रंगद्रव्य असते. मग जीवनसत्त्व अ म्हणजे हे पिवळे रंगद्रव्यच असावे का?

हे रंगद्रव्य नवे नव्हते. वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये ते गाजरातून वेगळे काढले होते व त्यावरूनच त्याला 'कॅरोटीन' हे नाव पडले. हिरव्या पानातही ते असते, परंतु हरितद्रव्याखाली झाकलेले असते. रशियाच्या त्स्वेत यांनी खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानाचा अर्क सोडला, तेव्हा हिरवे आणि पिवळे पट्टे वेगळे झाले. या पद्धतीला त्यांनी १९०६ मध्ये 'क्रोमॅटोग्राफी' असे नाव दिले.

स्टीनबॉक यांच्या तर्कात मात्र एक अडचण होती. माशाच्या यकृताच्या तेलात जीवनसत्त्व अ भरपूर, पण पिवळे रंगद्रव्य जवळजवळ नाही. अमेरिकेतच पामर यांनी कॅरोटीन अजिबात नसलेल्या, पण डुकराचे यकृत मिसळलेल्या खाद्यावर कोंबड्या वाढवून दाखवल्या. म्हणजे पिवळा रंग असला की गुण येतो, आणि नसला तरीही येतो! दहा वर्षे हे कोडे सुटले नाही.

१९३० मध्ये इंग्लंडच्या थॉमस मूर यांनी ते सोडवले. जीवनसत्त्व अ नसलेल्या उंदरांना त्यांनी शुद्ध कॅरोटीन खाऊ घातले आणि त्यांच्या यकृतात जवळजवळ रंगहीन असे जीवनसत्त्व अ तयार झालेले दाखवले. कॅरोटीन हे स्वतः जीवनसत्त्व नव्हे, तो त्याचा कच्चा माल आहे. पॉल कारर यांनी त्याच सुमारास दोन्हींची रचना उलगडली व त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बीटा-कॅरोटीनच्या रेणूत ४० कार्बन अणू असतात. आतड्याच्या अस्तरात तो मधोमध तुटला की २० कार्बनचे दोन तुकडे मिळतात. त्यापासून बनलेले जीवनसत्त्व अ यकृतात साठते.

डोळ्यात त्याचे काय काम असते? १९३३ मध्ये जॉर्ज वॉल्ड यांना दृष्टिपटलात जीवनसत्त्व अ सापडले. अंधूक उजेडात काम करणाऱ्या पेशींत त्याचाच एक प्रकार प्रथिनाला जोडलेला असतो. प्रकाश पडला की त्याचा आकार बदलतो आणि मेंदूकडे संदेश जातो. साठा संपला की आधी अंधूक उजेडातली दृष्टी जाते. रातांधळेपणाचे हेच कारण.

आता झेंडूकडे वळू. ल्युटीन हा कॅरोटीनचा भाऊबंद खरा, पण त्याच्या रेणूची दोन्ही टोके वेगळी असल्याने शरीर त्यापासून जीवनसत्त्व अ बनवू शकत नाही. म्हणून ल्युटीनच्या गोळीने रातांधळेपणा जात नाही. 'पिवळे ते सारे सारखे' हा समज येथे सोडावा लागतो.

कुन्नूर ते हैदराबाद

भारतात या विषयाचा अभ्यास निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगशाळेत वाढला. त्यांच्यानंतर आलेले वॉलेस एक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. तोपर्यंत ज्वारीच्या भाकरीत वा राजगिऱ्याच्या भाजीत काय आहे, हे भारतीय शिक्षकाला एका पुस्तकात पाहता येत नव्हते.

त्याच वर्षी एक्रॉइड आणि मद्रासचे नेत्रतज्ज्ञ राइट यांनी एक महत्त्वाचा अहवाल दिला. डोळ्याचा पडदा मऊ पडू लागलेल्या रुग्णांना त्यांनी तांबडे पामतेल दिले. हे तेल शुद्ध करून रंग काढलेले नव्हते, त्यामुळे त्यात कॅरोटीन भरपूर होते. रुग्णांना गुण आल्याचे त्यांनी नोंदवले. आज ज्याला 'वनस्पतिजन्य पूरक आहार' म्हणतात, त्याचा डोळ्यांसाठी वैज्ञानिक रीतीने केलेला हा आपल्याकडचा फार जुना प्रयोग. माशाचे तेल परदेशातून आणावे लागे. दुसऱ्या महायुद्धात ते मिळेनासे झाले, तेव्हा मुंबई आणि मद्रास सरकारांनी शार्कच्या यकृताचे तेल काढायला सुरुवात केली.

ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये डॉ. व्ही. एन. पटवर्धन संचालक असताना हैदराबादला आली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी तेथे एका गुणधर्माचा उपयोग केला. जीवनसत्त्व अ यकृतात साठून राहते, मग ते रोज थोडे देण्याऐवजी काही महिन्यांतून एकदा मोठ्या मात्रेत का देऊ नये? खेड्यांतील चाचण्यांनंतर १९७० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. एक ते पाच वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी २ लाख युनिटची मात्रा चमच्याने पाजायची, अशी ही योजना होती. आज ती नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर १ लाख युनिटने सुरू होते आणि पाचव्या वर्षापर्यंत एकूण ९ मात्रा द्यायच्या असतात.

गोपालन यांच्या दृष्टीने ही मात्रा तात्पुरती सोय होती. मुलाच्या ताटात रोज पालेभाजी येणे हे खरे उद्दिष्ट होते.

जामखेडची वाट

त्याच १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नगरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. हा पर्जन्यछायेचा भाग. जिल्ह्याचा सरासरी पाऊस ५५० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडण्याच्या कामावर सुकडी मिळाली, रेशनवर मिलो ज्वारी मिळाली आणि त्यामुळे पोट कसेबसे भरले. परंतु ज्वारीत कॅरोटीन नगण्य असते, आणि विहीर आटलेल्या गावात पालेभाजी येणार कोठून?

आरोळे दांपत्याला असे दिसले की गावाला औषधाआधी पाणी आणि अन्न हवे आहे. गावोगावी लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे निघाली, विंधनविहिरी झाल्या, शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि पुष्कळदा दलित समाजातल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले. मुलाचे वजन करणे, त्याला काय खायला द्यावे ते आईला सांगणे, धोक्याची खूण ओळखणे ही कामे त्या करू लागल्या. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये या भागात दर हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होत, पुढच्या दोन दशकांत ही संख्या तिसाच्या खाली आली. यात जीवनसत्त्वाचा वाटा किती, लसीकरणाचा किती, पाण्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हैदराबाद आणि जामखेड एकमेकांच्या विरोधात नव्हते. वर्षातून दोनदा येणारा थेंब आजच्या मुलाचा डोळा वाचवतो. परसबाग, पाणी आणि आईच्या हातातला पैसा यांमुळे पुढच्या मुलाला त्या थेंबाची गरज उरत नाही. सरकारी यंत्रणेला मात्र पहिले काम मोजता येते, दुसरे मोजणे अवघड जाते. म्हणून पहिले टिकते आणि दुसरे मागे पडते.

मात्रेवरचा वाद

१९८६ मध्ये आल्फ्रेड सोमर यांनी इंडोनेशियातल्या आचे प्रांतातील चाचणीचा निष्कर्ष मांडला. जीवनसत्त्व अ दिलेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. जगभर खळबळ उडाली. भारतात १९९० मध्ये दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. तमिळनाडूत दर आठवड्याला लहान मात्रा दिल्यावर मृत्यू निम्म्याहून कमी झाले. हैदराबादच्या परिसरात सहा महिन्यांनी मोठी मात्रा देऊन काहीच फरक दिसला नाही. २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील सुमारे दहा लाख मुलांवरच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. त्यात घट अवघी ४ टक्के होती, आणि ती योगायोगानेही असू शकते इतकी लहान.

एकाच औषधाचे असे वेगवेगळे निकाल का? जिथे उणीव तीव्र, गोवर मोकाट आणि दवाखाना दूर, तिथे मात्रेचा परिणाम मोठा दिसतो. लस, पाणी, आहार सुधारला की तोच परिणाम लहान होतो. डोळ्याच्या उपचारातील तिचे महत्त्व या वादामुळे कमी होत नाही. रातांधळे मूल आढळले की ताबडतोब आरोग्य केंद्रात नेणे, यावर कोणाचेही दुमत नाही.

पालेभाजीचा हिशेब

पालेभाजीलाही परीक्षा द्यावी लागली. १९९५ मध्ये इंडोनेशियातील अभ्यासात रोज पालेभाजी देऊनही स्तनदा मातांच्या रक्तातील जीवनसत्त्व अ अपेक्षेप्रमाणे वाढले नाही. पानातले कॅरोटीन पेशींच्या आत अडकलेले असते व त्याचा बराच भाग तसाच बाहेर पडतो, असे लक्षात आले. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने पूर्वी ४ भाग बीटा-कॅरोटीन बरोबर १ भाग जीवनसत्त्व अ असे धरले होते, २०१० मध्ये ते प्रमाण ८ ला १ केले. पान तेच राहिले, पण कागदावर त्याची किंमत निम्मी झाली.

तरीही हिशेब करून पाहावा. २०१० च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ३२०० मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन हवे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९७१ च्या तक्त्यांत १०० ग्रॅममागे दिलेली मायक्रोग्रॅम संख्या अशी: शेवग्याची पाने ६७८०, कोथिंबीर ६९१८, मेथी २३४०, गाजर १८९०, पपई ६६६, बाजरी १३२, ज्वारी ४७. म्हणजे शेवग्याचा पाला सुमारे ४७ ग्रॅम पुरतो, गाजर १७० ग्रॅम लागते, बाजरी जवळजवळ अडीच किलो आणि ज्वारी पावणेसात किलोहून अधिक! २०१७ मध्ये निघालेल्या नव्या तक्त्यांत आकडे बरेच बदलले आहेत, पण पाला आणि धान्य यांतले अंतर तसेच मोठे आहे. कोरड्या भाकरीवर वाढणाऱ्या मुलाचे डोळे का धोक्यात येतात, हे वर्गातल्या या त्रैराशिकावरून कळते.

दुसरी गोष्ट तेलाची. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, ते तेलात विरघळते. हैदराबादच्या संस्थेत विनोदिनी रेड्डी आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले की पालेभाजीबरोबर ५ ग्रॅम तेल, म्हणजे एक लहान चमचा, दिले तरी मुलांच्या शरीरात कॅरोटीनचे शोषण चांगले होते. आपल्या परतलेल्या भाजीत, शेंगदाण्याच्या कुटात किंवा भाकरीवरच्या तेलाच्या धारेत हे शहाणपण आधीपासूनच आहे. फक्त घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या घासात भाजी आणि तेल दोन्ही पडतात की नाही, हे पाहायला हवे.

गोळीची मर्यादा

मग थेट कॅरोटीनचीच गोळी का घेऊ नये? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. हा १९९४ चा निकाल. १९९६ मध्ये अमेरिकेतली अशीच चाचणी याच कारणाने मुदतीआधी थांबवावी लागली. जे द्रव्य भाजीतून आले तर हितकारक, तेच गोळीतून मोठ्या मात्रेत आले तर विडी-सिगारेट ओढणाऱ्याला घातक ठरले.

ल्युटीनचे खरे क्षेत्र वेगळे आहे. दृष्टिपटलाच्या मध्यावरच्या पीतबिंदूचा पिवळेपणा ल्युटीन आणि त्याच्याच जातीच्या झियाझँथिनमुळे असतो. उतारवयात हा बिंदू झिजतो आणि वाचायला, चेहरे ओळखायला अडचण येते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की जस्त, क व ई जीवनसत्त्वे आणि बीटा-कॅरोटीन यांच्या मिश्रणाने मध्यम अवस्थेतला आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो. २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासानंतर त्यातील बीटा-कॅरोटीनच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन सुचवले गेले. हे मिश्रण नेत्रतज्ज्ञाने तपासून सांगितलेल्या रुग्णांसाठी आहे. निरोगी माणसाला आजार होऊ नये म्हणून, किंवा मुलाचा चष्मा सुटावा म्हणून ते नाही. चष्मा लागतो तो डोळ्याची लांबी किंवा भिंगाची वक्रता यांमुळे. तिथे गोळीही काम करत नाही आणि गाजरही नाही. गाजराने दृष्टी तीक्ष्ण होते ही समजूत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या कथांनी पसरली. रात्री शत्रूची विमाने त्यांना सापडत होती ती रडारमुळे.

वर्गात करण्याजोगे

पालकाची पाने थोड्या सर्जिकल स्पिरिटमध्ये खलून गाळा. उथळ बशीत तो अर्क घेऊन त्यात पांढरा खडू उभा ठेवा (जवळ ज्योत नको). काही वेळाने हिरव्या पट्ट्यापासून सुटा झालेला पिवळा पट्टा दिसेल. त्स्वेत यांनी शंभर वर्षांपूर्वी केले त्याचेच हे लहान रूप. मग विद्यार्थ्यांना घरी पाठवा आणि आठवडाभर धाकट्या भावंडाच्या ताटात कोणती पालेभाजी, किती वेळा आली, तेल होते का, याची नोंद करू द्या. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हीच नोंद पुन्हा घेतली तर फरक बोलका असतो. घोळ, तांदुळजा, पाथरी यांसारख्या बांधावरच्या भाज्यांची नावे आजीकडूनच कळतील.

२०१६ ते २०१८ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत एक ते चार वर्षांच्या सुमारे १८ टक्के मुलांत जीवनसत्त्व अ ची उणीव आढळली. डोळ्यावर ठिपके दिसणारी मुले आता विरळा झाली आहेत, हे मोठे यश आहे. परंतु रक्तात उणीव असलेले मूल बाहेरून ओळखू येत नाही. पालकांनी गोळीबद्दल विचारले, तर शिक्षकाने आधी तीन प्रश्न विचारावेत. धाकट्याला सहामाही डोस मिळाला का? गोवराची लस झाली का? कालच्या जेवणात पाला आणि तेल होते का? मोठ्याचा चष्मा मात्र नेत्रतज्ज्ञाकडूनच तपासून घ्यावा, आणि गोळीचे पैसे भाजीवर खर्च करावेत.